कंबरेची कळ आणि बी जीवनसत्त्वे

पेढीवर दिवसाचे दहा-दहा तास बैठक मारणाऱ्या गृहस्थाची कंबर प्रथम नुसती धरते. पुढे नितंबापासून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कळ उतरू लागते व पाऊल बधिर होते. मणक्यांमधील चकती सरकून मज्जातंतूच्या मुळावर दाब आला की असे होते. लोक त्याला ‘शीर दबली’ म्हणतात. अशा वेळी घरात दोन औषधे येतात: एक वेदनाशामक आणि दुसरे बी जीवनसत्त्वांचे. दुसरे केवळ ‘ताकदीचे’ असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः खरा नाही.

बी-१, बी-६ आणि बी-१२ ही तीन जीवनसत्त्वे मज्जातंतूंच्या पोषणाशी निगडित आहेत. तंतूंवरील मायलिन नावाचे आवरण शाबूत राहण्यास बी-१२ आवश्यक असते. ब्राझीलमधील ३७२ रुग्णांच्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना केवळ डायक्लोफेनॅक, तर उरलेल्यांना त्याच्या जोडीला ही तीन जीवनसत्त्वे देण्यात आली. तिसऱ्या दिवशीच आराम पडून औषध थांबवता आले असे रुग्ण पहिल्या गटात २९ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे ४६ टक्के होते. वेदनाशामक जितके कमी दिवस पोटात जाईल तितका जठराला, मूत्रपिंडाला व हृदयाला त्याचा धोका कमी. खरा लाभ हाच. मात्र हे रुग्ण नव्याने कंबर धरलेले होते. वर्षानुवर्षे पायात कळ असलेल्यांना तोच हिशेब लागू करणे घाईचे ठरेल.

शाकाहारी कुटुंबांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. वनस्पतिजन्य आहारात बी-१२ जवळजवळ नसतेच. दूध, दही, ताक हाच आधार. दुधाचे प्रमाण कमी असेल, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अथवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील, तर यकृतातील साठा हळूहळू आटतो. मग पायांच्या मुंग्यांचा सारा दोष कंबरेवर टाकला जातो आणि मूळ उणीव तशीच राहते. म्हणून रक्तातील बी-१२ ची तपासणी गोळ्या सुरू करण्यापूर्वी करावी. नंतर केल्यास आकडा फुगलेला दिसतो. बाजारातील बी-१२ जिवाणूंच्या साहाय्याने तयार होते, ते प्राणिज नसते. कॅप्सूलचे कवच मात्र बहुधा जिलेटिनचे असते. त्याऐवजी साधी गोळी मागता येते.

‘जीवनसत्त्वच आहे, अपाय कसला?’ हा विचार बी-६ च्या बाबतीत फसवा आहे. १९८३ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी सात रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मोठ्या मात्रेत बी-६ महिनोन्‌महिने घेतल्याने त्यांच्याच मज्जातंतूंना इजा झाली होती व हातापायांची संवेदना हरपली होती. ज्या बधिरतेसाठी गोळी घ्यावी तीच गोळीने वाढावी, हा विचित्र प्रकार. दुकानदाराने दिलेले पाकीट स्वतःच्या मनाने वर्षभर चालू ठेवणाऱ्यांनी त्यावरील बी-६ ची मात्रा वाचून डॉक्टरांना सांगावी.

उपवास व चौविहार पाळणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगणे अगत्याचे आहे. वेदनाशामक उपाशीपोटी जठराला बोचते, आणि पाणी वर्ज्य असलेल्या उपवासात मूत्रपिंडावर त्याचा ताण अधिक पडतो. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर घेता येईल अशी मात्रा बहुतेक वेळा बसवता येते; पर्युषणात गोळी पुढे ढकलावी की उपवास, हेही त्यांनाच विचारावे. वयस्कर मंडळी संकोचाने ही गोष्ट सांगत नाहीत, आणि डॉक्टरही सहसा विचारत नाहीत.

मांड्यांच्या आतील भाग व गुदद्वाराभोवतीची जागा बधिर होणे, लघवी अडणे अथवा नकळत होणे, पाऊल लुळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर जीवनसत्त्वे व वेदनाशामके बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे शस्त्रक्रियेला झालेला उशीर काही वेळा भरून निघत नाही.