घड्याळ चुकलं की नदी?

आमचे साडू सातारचे आणि मी सांगलीचा. सणावाराला दोन्ही घरं एकत्र आली की कंदी पेढा श्रेष्ठ की भडंग, यावरून आमचं भांडण ठरलेलं. पेढा आणि भडंग एका बशीत गुण्यागोविंदाने नांदतात. भांडतो ते आम्ही दोघे. गेल्या दिवाळीत मात्र भांडण खाण्यावरून झालं नाही, नदीवरून झालं. त्यात माझी बाजू खरी होती, हे घरात कबूल करायला कोणी तयार नाही. म्हणून हा लेख.

साडूंना एक छंद आहे. निवृत्त झाल्यापासून ते पडद्यावरच्या चुका पकडतात. दोनशे पानी वही, कानावर पेन्सिल आणि समोर टीव्ही. जुन्या अमेरिकन काउबॉय मालिका त्यांच्या विशेष लाडक्या, कारण तिथं चुकांचं पीक उदंड. सहा गोळ्यांचं पिस्तूल असतं आणि साडू बोटांवर मोजत बसतात. सातवी गोळी सुटली की "सातवी झाली!" असे एवढ्यांदा ओरडतात की शेजारच्या काकू बाळंतिणीची चौकशी करायला येतात. गुत्त्यात बसलेल्या खलनायकाचा पेला आत्ता अर्धा असतो, डोळ्यांचं पातं लवतंय तोवर काठोकाठ. नोंद! 'बोनान्झा' नावाची मालिका 1959 ते 1973 अशी चालली. तिच्यातले बापलेक पुढेपुढे वर्षानुवर्षं त्याच त्या कपड्यांत वावरत. साडू सांगतात, "हे खरे शहाणे. कपडेच बदलायचे नाहीत, म्हणजे जुनं चित्रण नव्या भागात खुशाल जोडता येतं." यावर आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या अंगातल्या शर्टाकडे नुसतं पाहिलं.

'शोले' तर त्यांना तोंडपाठ. हात तुटलेल्या ठाकूरचे हात सदऱ्याखाली कुठं जाणवतात, ते सांगतील. ज्या गावात घरातले दिवे वातीचे, तिथं वीरूच्या त्या उंच टाकीत पाणी कोणी चढवलं, हा प्रश्न ते 1975 पासून विचारताहेत.

आता या बारीकसारीक चुकांबद्दल माझी काही तक्रार नाही. चित्रपट गोष्टीच्या क्रमाने काढत नाहीत. एका जागेवरची सगळी दृश्यं एकदम उरकतात. त्यामुळे नायक मंगळवारी घराच्या दारातून बाहेर पडतो तो अंगणात पुढच्या महिन्यात पोचतो. मधल्या काळात तो केस कापून आला की झाला घोटाळा. त्यासाठी एक माणूस मुद्दाम नेमलेला असतो. सिगारेट किती जळली होती, कुठलं बटण उघडं होतं, याची तो टिपणं ठेवतो. पूर्वी झटपट छायाचित्रं काढून ठेवायचे, आता मोबाईल आहे. इतकं करूनही एका चित्रणात पेला बरोबर आणि दुसऱ्यात अभिनय चांगला, असा पेच पडला तर संकलक अभिनय उचलतो. बरोबरच करतो. पेला बघायला कोण तिकीट काढतं?

तर गेल्या दिवाळीत फराळ करता करता आम्ही एक हिंदी मारधाडपट पाहत होतो. उत्तर प्रदेशातलं कुठलंसं गाव, धुरळा, गुंड आणि एकटा फौजदार. म्हणजे काउबॉयपटच, फक्त घोड्याऐवजी जीप. साडू ओरडले, "घड्याळ! आत्ता डाव्या हातात होतं!"

मी म्हणालो, "साडूभाऊ, घड्याळ राहू द्या. मागं बघा. ती आपली वाई आहे."

"ते माहीत आहे हो," साडू वही न सोडता म्हणाले, "पण घड्याळ बघा ना!"

इथं माझं डोकं फिरलं. मनगटावरचं घड्याळ इकडचं तिकडे झालं ते यांना दिसलं आणि अख्खं गाव हजारएक किलोमीटर उत्तरेला सरकलं, त्याची वहीत नोंद नाही! 2003 सालच्या 'गंगाजल'मधलं बिहार वाई-सातारा परिसरातलं. म्हणजे नाव गंगेचं, पाणी कृष्णेचं. 'स्वदेस' (2004) मधलं उत्तर प्रदेशातलं चरणपूर म्हणजे आपली मेणवली. 'दबंग' (2010) मधल्या लालगंजातही वाईच. हीच कृष्णा पुढं कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि आमच्या सांगलीला येते. वाईत तिचं बारसं झालेलं असो नसो, सांगलीला पोचेपर्यंत ती बिचारी पुन्हा कृष्णाबाई झालेली असते.

साडू काही लेचेपेचे नाहीत. वही मिटून म्हणाले, "वाईला दक्षिण काशी आपणच म्हणतो ना? मग त्यांनी 'दक्षिण' तेवढं काढलं, तर बिघडलं कुठं? आणि तुम्ही सांगलीकरांनी तर बोलूच नये. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. जनकाची मिथिला कुठं आली? बिहारकडंच की! म्हणजे सांगलीचं बिहार तुम्ही 'गंगाजल'च्या 160 वर्षं आधी केलंत!"

सगळं घर हसलं. माझी बायकोसुद्धा. हसली तर हसली, पण उत्तर आहे. भाव्यांच्या नाटकात आधी सूत्रधार यायचा आणि आता कोणतं आख्यान होणार, ते उघड सांगायचा. मग मिथिला उभी राहायची, आणि सांगलीचं नाव काही पुसलं जायचं नाही. उलट तिथूनच मराठी रंगभूमीचा इतिहास मोजायचा प्रघात पडला. सोंग घ्यायला माझी ना नाही. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने स्पेनमधल्या अल्मेरियाच्या माळावर अमेरिका उभी केली. पण आज तिथले लोक त्या जुन्या सेटांचं गाव तिकीट लावून दाखवतात आणि हे अल्मेरिया आहे म्हणून सांगतात. जागा ओळख ठेवून नटली.

आमच्याकडे उलटं झालंय. मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे. घाटावरच्या देवळाशी एक प्रचंड घंटा आहे, चिमाजीअप्पांनी 1739 साली वसई जिंकली तेव्हा तिथून आणलेली. मी तिच्यासमोर उभा असताना एक तरुण पर्यटक मोबाईल सरसावून विचारता झाला, "काका, 'स्वदेस'चं गाव हेच ना?" मी म्हटलं, "हा नाना फडणवीसांचा वाडा." तो म्हणाला, "ते कुठल्या पिक्चरमध्ये होते?"

आणि वाई म्हणजे काय नुसता घाट आणि धुरळा? रास्त्यांनी 1762 साली बांधलेला ढोल्या गणपती तिथला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथले. आणि मराठी विश्वकोशाचं काम ज्या गावात बसून झालं, ते गाव पडद्यावर आलं की तिथं फक्त कट्टे चालतात!

"पण शूटिंगमुळे गावात चार पैसे येतात, हे विसरू नका," साडू म्हणाले.

खरं आहे. खोल्या भाड्याने जातात, बैलगाड्या लागतात, गर्दीत उभं राहिलं तरी मजुरी मिळते. ते मिळावंच. पण भाडं घेतलं म्हणून घरमालकाने दारावरची पाटी उतरवायची का? 2017 साली 'लागिरं झालं जी' मालिकेत सातारा सातारा म्हणूनच आला. तेव्हा काय प्रेक्षक पळून गेले? 2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं, आमची माणसं गच्च्यांवर बसून होती. तेव्हा या नदीला कोणी गंगा म्हटलं नाही. पूर कृष्णेचा आणि शोभा मात्र गंगेची, हा कुठला न्याय?

मागणं फार नाही. सिनेमा सुरू होताना, मारामारीच्या आधी, ठसठशीत अक्षरात एक ओळ दाखवा: चित्रीकरण वाई, जिल्हा सातारा. शेवटच्या मुंगीएवढ्या अक्षरांत नको. तोवर आपण चपला शोधत असतो. आणि ओळ नसेल तर चूक पकडणाऱ्यांनी घड्याळाच्या आधी ती चूक पकडावी.

साडू बराच वेळ गप्प होते. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, जिंकलो. ते आत गेल्यावर हळूच वही उघडून पाहिली. लिहिलं होतं: 'सांगलीकर साडू. भाषणाच्या सुरुवातीला भडंगाची बशी भरलेली, शेवटी रिकामी. मधे खाताना कुठंही दिसत नाहीत.'