उत्तर आधी, रीडिंग नंतर

प्रॅक्टिकलला कॉपी करणाऱ्या मुलांच्या नावाने बोटं मोडणारे प्राध्यापक मला नेहमी भेटतात. 'या पिढीत ईमानदारीच उरली नाही' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझं म्हणणं उलट आहे. मुलं बेईमान होऊन कॉलेजात येत नाहीत, आपली मार्क देण्याची पद्धत त्यांना तसं बनवते.

मी उर्दू-मराठीचा शिक्षक, विज्ञानाचा नाही. पण बीएस्सीला गेलेले माझे जुने विद्यार्थी सहज सांगून जातात, "सर, उत्तर ठाऊकच असतं. रीडिंग मागाहून जुळवायचं."

साधा लंबक घ्या. लांबी एक मीटर असेल तर २० आंदोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबायला सेकंदाचा तीन दशांश उशीर झाला, तर गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी ९.६७ च्या आसपास येतं. हाताने मोजणाऱ्यासाठी हे चांगलं उत्तर आहे. पण ते जसंच्या तसं लिहिणाऱ्याला 'पुन्हा कर' ऐकावं लागतं, आणि शेजाऱ्याचं ९.८ उतरवून घेणाऱ्याला मुकाट्याने सही मिळते. जर्नल सर्टिफाय झालं नाही तर परीक्षा अडते, हे दोघांनाही ठाऊक असतं. मग पहिला मुलगा पुढच्या प्रयोगाला काय करेल?

हा मोह मोठ्यांनाही सुटलेला नाही. रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला, १९२३ चं नोबेल मिळवलं. पण हवेच्या विष्यंदितेचा आकडा चुकीचा धरल्याने त्यांचं उत्तर जरा कमी आलं होतं. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली कॅलटेकच्या भाषणात पुढची गोष्ट सांगितली. नंतरचे शास्त्रज्ञ खऱ्या आकड्याला एकदम पोहोचले नाहीत, हळूहळू वर सरकत गेले. आपला आकडा मिलिकनच्या फार वर गेला की ते कसून चूक शोधत. जवळ आला की तेवढं खोदत नसत. 'अपेक्षित उत्तर' विज्ञानाला असं मागे ओढतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियमावली आणली. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. पण हीच नियमावली असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि उत्तरपत्रिका बाहेर ठेवते. म्हणजे नक्कल करायला पदवीला शिकवायचं आणि जाब पीएचडीला विचारायचा! शिवाय ते सॉफ्टवेअर शब्द ताडून पाहतं. जुळवलेलं रीडिंग त्याला कसं दिसणार?

याचा सगळ्यात जास्त मार उर्दू आणि मराठी माध्यमातून गेलेल्या पोरांना बसतो. इंग्रजी वाक्यं उतरवण्याची सवय त्यांना आधीच नाइलाजाने लागलेली असते. आता आकडेही उतरवायचे. मग तोंडी परीक्षेत मूल गप्प होतं, आणि 'यांचा पायाच कच्चा' असा शेरा बसतो. 'तुझं उत्तर वेगळं का आलं?' असं विचारलं असतं तर ते पोर मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, बोललं असतं. कारण प्रयोग त्याने स्वतः केला असता.

बॅच मोठ्या आहेत, उपकरणं जुनी आहेत, पदं रिकामी आहेत, हे सगळं मान्य. पण मी मागतो त्याला निधी लागत नाही. रीडिंग टेबलावरच पेनाने लिहू द्या. खोडायचं तर एका रेघेने, खालचा आकडा दिसेल असं. त्या कच्च्या पानावर त्याच दिवशी सही करा. आणि मार्क त्या पानाला आणि चुकीच्या कारणमीमांसेला द्या. ९.६७ का आलं हे सांगणाऱ्याला पूर्ण मार्क, ९.८ कुठून आलं हे सांगता न येणाऱ्याला शून्य.

बीएडला आम्ही मूल्यमापन शिकलो. त्याचं सार एवढंच की मार्क ज्याला, मूल तेच शिकतं. आज मार्क जुळवाजुळवीला आहेत.

आई-वडिलांनो, मुलाच्या जर्नलमधलं प्रत्येक उत्तर पुस्तकासारखं बरोबर दिसलं, तर शाबासकी देण्याआधी त्याच्याकडे कच्चं पान मागा.