हातखंबा यादीत शेवटी का?

प्रोजेक्टचं ॲप आपल्या लॅपटॉपवर कसलं भारी दिसतं ना! रंग मस्त, बटणं गोल, गाईड खूष. आता एक करा. तेच ॲप घेऊन हातखंबा तिठ्यावर जा आणि गाडीची वाट बघणाऱ्या एखाद्या मावशींच्या हातात द्या.

समजा, ॲप एसटीच्या वेळा सांगणारं आहे. पहिलाच प्रश्न, 'कुठून निघणार?' खाली गावांची यादी, 'अ'पासून 'ह'पर्यंत. म्हणजे हातखंबा पार तळाला! हातात पिशवी, काखेत छत्री, स्क्रीनवर पावसाचे थेंब. मावशी सरकवून सरकवून कंटाळणार आणि शेजारच्याला विचारणार, "लांज्याची गाडी गेली काय ओ?" संपलं तुमचं ॲप.

चूक मावशींची नाही. तिठ्यावर उभ्या माणसाच्या डोक्यात यादी नसतेच, तीन रस्ते असतात. एक रत्नागिरीचा, एक संगमेश्वर-चिपळूणचा, एक पाली-लांज्याचा. मग पहिल्या स्क्रीनवर तीन बाणच का नकोत?

हे कळायला एक ओळ कोड लागत नाही. वहीच्या पानावर पेन्सिलनं स्क्रीन काढा. समोरच्याला सांगा, 'लांज्याची गाडी शोधा' आणि गप्प बसा. बोट कुठं अडतं ते बघा. रात्री नवं पान काढा, उद्या दुसऱ्याला दाखवा. बाणांतही खोट निघेलच. कोल्हापूरला जायला पालीचा बाण धरायचा, हे नवख्याला कसं कळणार? मग तिसरं पान. जेकब निल्सन या तज्ज्ञानं 2000 साली हेच मांडलं होतं : एकदम पंधरा जणांवर चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्या, मधे सुधारणा करा.

आपल्याकडचं उदाहरण हवंय? आयआयटी मुंबईच्या आयडीसीतला 'स्वरचक्र' कीबोर्ड बघा. 'क'वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं. बाराखडी शिकलेल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. पण हे एका रात्रीत सुचलेलं नाही. तिथल्याच प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी वर्णमालेच्या क्रमावर बेतलेला 'कीलेख' कीबोर्ड 2004 सालीच व्हिएन्नाच्या परिषदेत मांडला होता.

तुम्ही म्हणाल, सबमिशन तोंडावर आलंय, तिठ्यावर जायला वेळ कुठंय? खरं सांगू? अडचण वेळेची नाही, सवयीची आहे. पहिलीपासून आपण पेपर एकदाच लिहितो. खाडाखोड दिसली की मार्क जातात, म्हणून अर्धवट काम कुणाला दाखवायची लाज वाटते. आणि दाखवलंच तर मित्राला. तो 'एक नंबर' म्हणून मोकळा होतो. मग व्हायवा झाला की ॲप पेन ड्राइव्हमध्ये मरतं.

माझं कॉलेजांनाही एक सांगणं आहे. देखण्या शेवटच्या स्क्रीनला मार्क द्या, पण फाडलेल्या पानांनाही द्या. विद्यार्थ्याला विचारा, कुणाला दाखवलंस, तो कुठं अडला, तू काय बदललंस?

आणि तुम्ही मार्कांची वाट बघू नका. या शनिवारी वही-पेन्सिल घ्या आणि आपापल्या गावच्या तिठ्यावर जा. मावशी अडल्या तर समजावायला धावू नका. त्या का अडल्या, तेवढं लिहून घ्या.