व्यायाम करायचा, पण केव्हा?



गेल्या पी.एम.ई.मध्ये आमची साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, रोज अर्धा तास चाला." आम्ही मान डोलावली, नवे बूट आणले. ते अजून कपाटातच आहेत. तेव्हा उपदेश करण्याचा अधिकार आम्हाला नाही, हे आधीच कबूल करतो.

पण चाळिशी-पन्नाशीतला कामगार व्यायाम करीत नाही म्हणून तो आळशी, हे आम्हाला मान्य नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'ने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७. निम्मा देश एकदम आळशी झाला काय?

रोस्टर पाहा. १९८९ च्या रेल्वे कायद्यात 'कंटिन्युअस' वर्गाला आठवड्याला ५४ तास आणि 'इसेन्शियली इंटरमिटंट' वर्गाला ७५ तासांपर्यंत ड्युटीची मर्यादा आहे. बारा तास गेट सांभाळून आलेल्या माणसाला पहाटे फिरायला जा म्हणणे ही थट्टा आहे. रनिंग स्टाफला मुख्यालयी १६ तासांचा रेस्ट मिळतो, पण त्यातच झोप, बाजार आणि मुलांची फी. पुढचा कॉल केव्हा येईल याचा नेम नाही, मग सकाळी सहाचा नेम कसा पाळायचा? बदलापूर-कसाऱ्याहून मुंबईला येणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याचे रोजचे कित्येक तास लोकलमध्येच जातात. आमच्या भगिनी काउंटरवरून सुटतात त्या थेट ओट्यापाशी. त्यांना 'स्वतःसाठी वेळ काढा' असे सांगणाऱ्याने आधी घरची भांडी घासावीत.

आणखी एक समजूत आहे. ट्रॅकमन आणि पोस्टमन म्हणतात, "आमचे कामच व्यायाम आहे." तसे नाही. उन्हात हातोडा चालवून कंबर झिजते, थकवा साठतो. मनाजोगत्या वेगाने चालून विसावा घेण्याचा फायदा त्यातून मिळेलच असे नाही. पोस्टमनच्या सायकलची जागा आता ठिकठिकाणी मोटारसायकलने घेतली आहे, हेही विसरू नये.

आणि लाज! या वयात कॉलनीत पळताना लोक काय म्हणतील, ही भीती आम्हालाही आहे.

एक गोष्ट मात्र दिलाशाची. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. पूर्वी ती सलग दहा मिनिटांच्या तुकड्यांत हवी अशी अट होती, ती २०२० मध्ये काढली. म्हणजे पाच मिनिटे भराभर चाललेलीही हिशेबात येतात. स्टेशनवरून घरी रिक्षा न करता चाललो तरी खाते उघडते.

पण सगळे कामगारावर ढकलून चालणार नाही. इन्स्टिट्यूट कुणासाठी बांधल्या? आमच्या माहितीच्या एका इन्स्टिट्यूटचा हॉल लग्नसराईत भाड्याने जातो आणि बॅडमिंटन कोर्टवर मंडपवाल्याच्या खुर्च्या रचलेल्या असतात. युनियनचीही चूक आहे. महागाई भत्ता, बोनस, पेन्शन यांवर आम्ही घसा कोरडा केला. पण डिकॅटेगराइज झालेला साथी ऑफिसात येऊन बसेपर्यंत त्याच्या रक्तदाबाची चौकशी केली नाही.

येत्या पी.एन.एम.मध्ये आम्ही दोन मुद्दे देत आहोत: इन्स्टिट्यूट पहाटे पाचपासून उघडी ठेवावी, आणि रेस्टच्या वेळेत फोन करून स्टाफची झोप मोडू नये. टपालातील साथींनी आपले मुद्दे द्वैमासिक बैठकीसाठी शाखेत लेखी द्यावेत. बूट आम्ही कपाटातून काढले आहेत.