सुरमेदानीची वाटणी

अम्मीच्या इंतकालानंतर आम्ही भावंडे मलकापूरच्या घरी एकत्र बसलो. शेत, घर, बँकेतली ठेव यांचा हिशेब अर्ध्या दिवसात झाला. शरीयतने वारसांचे हिस्से ठरवून दिले आहेत. भांडायला जागाच नव्हती.

उरली एक पत्र्याची पेटी. तिच्यात जुने पैंजण, दोन वाट्या आणि एक सुरमेदानी. सारी चांदी खामगावची. आपल्या जिल्ह्यात चांदी म्हटली की खामगावच! भाव चढलेला, म्हणून आम्ही म्हणालो, सगळे तिथेच नेऊन मोडू आणि रक्कम वाटून घेऊ.

धाकटी बहीण एवढेच बोलली, "भाईजान, सुरमेदानी मोडू नका."

आम्ही ती उघडली. सलाई थोडी वाकलेली होती. ईदच्या सकाळी नमाजला निघण्याआधी अम्मी त्याच सलाईने आम्हा सर्वांच्या डोळ्यांत सुरमा घालायची, डोळे चोळले की रागवायची. सराफाच्या काट्यावर चांदीचे वजन येते. त्या सकाळी येत नाहीत.

अलीगढला १९३७ साली जन्मलेल्या चित्रकार झरीना हाशमी यांचे आयुष्य देशोदेशी गेले. १९९९ साली त्यांनी लाकडी ठशांची ३६ चित्रे केली. घर, चौखट, दरवाजा, अंगण असा एकेक उर्दू शब्द आणि सोबत साध्या काळ्या रेषा. दूर गेलेल्या माणसाला घर आठवायला एक चौखट पुरते. आमच्या बहिणीला एक सलाई पुरली.

पण भावना आहे म्हणून वस्तू परस्पर उचलता येत नाही. मरहूमची सुईसुद्धा तरक्यात मोडते, तिच्यावर साऱ्या वारसांचा हक्क. तसेच, बहुमत आहे म्हणून कुणाची आठवण भट्टीत घालणेही बरे नाही. बहिणीने स्वतःच तोड काढली, "हिचे वजन माझ्या हिश्श्यातून वळते करा." सगळे राजी झाले.

वाचक भगिनींनो, बंधूंनो, पेटी सराफाकडे नेण्याआधी प्रत्येक वारसाला एकदा विचारा, "यातले काय तुला हवे?" आईवडील हयात असतील तर त्यांनाही विचारा, कोणती वस्तू कुठून आली. ती हकिगत कुठल्याच वाटणीपत्रात लिहिलेली नसते.

आम्ही बहिणीला एकच अट घातली : ईदच्या सकाळी सुरमेदानी घेऊन यायचे. सलाई मात्र सरळ करायची नाही.