हरलेल्या पैजांचीही नोंद हवी

माझे एक मामू पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर आणि हिवाळ्यात महालक्ष्मीला हमखास सापडायचे. घरी त्यांची एक वही होती. कोणता घोडा किती वजन घेऊन, कोणत्या जॉकीखाली, किती सेकंदांत धावला, सगळं सुबक उर्दूत लिहिलेलं. रिटायरमेंटचे पैसे दोन सीझनमध्ये संपले. मामूंच्या पश्चात ती वही माझ्याकडे आली. घोड्यांच्या नोंदी चोख होत्या, जिंकलेल्या पैजांच्याही होत्या. हरलेल्या एकाही पैजेचा आकडा नव्हता. मामींच्या बांगड्या कधी गेल्या, तेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

वही आठवली ती एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो आणि त्याचे मित्र रेसचे व्हिडिओ पाहून प्रत्येक घोड्याच्या वेळा नोंदवतात. एकच शर्यत दोघांनी वेगवेगळी मोजायची, फरक पडला तर तिसऱ्याने तपासायची. ही माहिती पैज लावणाऱ्यांना फुकट द्यायचा त्यांचा विचार आहे. त्याने विचारलं, "सर, यात गैर काय?"

माहिती खुली करण्यात गैर काहीच नाही. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ ठरवला. कौशल्याचा खेळ असेल, तर त्याचा अभ्यास करण्याचं साहित्य फक्त पैसेवाल्यांच्या हाती का असावं? हाँगकाँगचा जॉकी क्लब शर्यतीचे निकाल आणि टप्प्याटप्प्याच्या वेळा सगळ्यांना फुकट पाहू देतो. शिवाय आपली मोजणी दुसऱ्याकडून तपासून घ्यायची सवय मुलांना लागत असेल, तर शिक्षक म्हणून मला आनंदच आहे.

माझी हरकत पुढच्या वाक्याला आहे: "अचूक माहिती मिळाली की साधा माणूसही जिंकेल." टोटवर सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमतात. त्यातून कमिशन आणि कर आधी कापला जातो, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. हाँगकाँगमध्ये 'विन'च्या गल्ल्यातून १७.५ टक्के कापतात. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ पासून पैजेवर ४० टक्के जीएसटी आहे. म्हणजे सगळे मिळून हरणार, हे घोडे सुटण्याआधीच ठरलेलं असतं. चांगली माहिती सगळ्यांकडे गेली की सगळे त्याच घोड्यावर पैसे लावतात आणि त्याचा भाव पडतो. हाँगकाँगमध्ये बिल बेंटरने कॉम्प्युटरच्या जोरावर प्रचंड पैसा कमावला, हे खरं. पण त्याच्यामागे भांडवल होतं, माणसं होती, वर्षानुवर्षांची मेहनत होती. आणि त्याच्या खिशात गेलेला पैसा दुसऱ्या पैजवाल्यांचाच होता.

शर्यतीला इस्लामची मनाई नाही. पैगंबरांनी घोड्यांच्या शर्यती घेतल्याचं हदीसमध्ये आहे. मनाई जुगाराला आहे. तीही सांगताना कुरआन जुगारात लोकांसाठी काही फायदे आहेत हे नाकारत नाही. त्याचा गुन्हा फायद्याहून मोठा आहे, असं बजावतो. दोन्ही बाजू मांडून केलेला हा हिशेब आहे. मामूंच्या वहीत त्यातली एकच बाजू होती.

म्हणून विद्यार्थ्याला मी एवढंच सांगितलं: घोड्यांच्या वेळा जितक्या काटेकोरपणे टिपता, तितक्याच काटेकोरपणे पैजाही टिपा. कोणी टिप दिली, ती शर्यतीआधी लिहून ठेवा आणि चुकली तरी खोडू नका. तुमच्यापैकी प्रत्येकाने किती लावले, किती परत आले, याची सीझनअखेर बेरीज करून वेळांच्या शेजारीच छापा. नावं नका देऊ, आकडे द्या.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मग कोणी आमच्यात येणारच नाही."

येणार नसतील, तर का येणार नाहीत, हीच सगळ्यात अचूक माहिती आहे. तीही फुकटच द्यावी.