बाजार चढला, पण किती जण चढले?

समुद्रपूरच्या चहाटपरीवर आता कापसाच्या भावासोबत शेअरचा भावही निघतो. हातात मोबाइल, त्यात डीमॅट खाते आणि ‘बाजार चढतोय, लाव पैसा’ असा कुणाचा तरी सल्ला. सोयाबीन विकून आलेली रक्कम अशीच लागते. आपल्या शिकलेल्या तरुणांना म्हणून एकच सांगणे आहे : बाजार चढला म्हणजे नेमके कोण चढले, हे आधी विचारा.

सेन्सेक्समध्ये ३० कंपन्या, निफ्टीत ५०. त्यातही मोठ्या कंपनीचे वजन मोठे. मूठभर धनदांडग्या कंपन्या वर गेल्या की निर्देशांक वर जातो. बाकीच्या शेकडो गाळात असल्या तरी मथळा ‘तेजी’चाच! २०१८ साली हेच घडले. निफ्टी वर्षअखेर सुमारे ३ टक्के वर होता, लहान कंपन्यांचा निर्देशांक मात्र चौथ्या हिश्श्याहून अधिक घसरला होता. वस्तीतली दोन घरे माडीची झाली म्हणून वस्ती सुधारली, असे आपण म्हणतो काय?

हे ओळखण्याचा हिशेब साधा आहे. आज किती शेअर वाढले, किती पडले, ते पाहा. वाढलेल्यांतून पडलेले वजा करा आणि रोजची ही वजाबाकी मागच्या बेरजेत मिळवत जा. निर्देशांक चढतो आणि ही बेरीजही चढते, तर तेजीला पाया आहे. निर्देशांक चढतो आणि बेरीज उतरते, तर सावध व्हा. किती शेअर आपल्या २०० दिवसांच्या सरासरीच्या वर आहेत, हेही बघावे. अर्थात हे भविष्य नव्हे. मूठभरांची तेजी कित्येक महिने टिकू शकते.

बाबासाहेबांनीही मुंबईत शेअरविषयक सल्ल्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके तुटली. हे ज्ञान आपल्याला परके नव्हते, दार बंद होते. आज दार उघडे आहे, पण आत डोळे मिटून शिरायचे नाही.

सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनच्या व्यवहारात उतरलेल्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांनी पैसा गमावला. सल्ला देणारा उरलेल्या सातांच्याच गोष्टी सांगतो. आपण ९३ जणांबद्दल विचारावे. बियाण्याचा आणि पोरांच्या फीचा पैसा तर या बाजारात नेऊच नये.